एक सुताची चुडी

नांदेडला देगलूर नाक्याजवळ अजहर मणियारचं दुकान आहे. नट, बोल्ट, वायसर, तेलाच्या नळ्या, नळ्यांची तोंडं, इंजिनाला बसणारी लहानसहान बटणं असा सगळा माल तिथं मिळतो. दुकान नवं होतं तेव्हा अजहरनं पाटीवर रंगवून घेतलं होतं, 'सर्व प्रकारच्या चुड्या मिळतील'. स्क्रूला किंवा नळीला जे आटे असतात, त्यांना तिकडच्या गॅरेजांत चुडी म्हणतात. मिस्त्री लोकांना पाटी बरोबर कळली. पण श्रावण लागला तशा चुड्या म्हणजे बांगड्या समजून बायकाही येऊ लागल्या. हिरव्या आहेत का म्हणून विचारायच्या, आणि लोखंडाचे खोके बघून हसत परत जायच्या. शेवटी अजहरनं पाटी बदलली.

अजहरची आई बानो ही गोष्ट अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तिचं उदगीरला बांगड्यांचं दुकान. मणियारांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा तो. "माझ्या लेकानं चुड्या सोडल्या," ती म्हणते, "आन पळून पळून गेला कुठं, तर चुड्यांतच."

अजहरच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती नांदेडला आली होती. डॉक्टरांनी त्याला वाकायचं नाही आणि बारीक काही बघायचं नाही असं बजावलं होतं. चुडीचं काम तर सगळं बारीक बघण्याचंच. म्हणून तो घरी पडून होता आणि दुकानावर दोघी बसत होत्या, बानो आणि तिची नात अर्शी. अर्शी नववीत. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारपासून दुकान तिचंच होतं.

पण तिचं म्हणजे अर्धंच. अजहरनं सांगून ठेवलं होतं, "वायसर द्या, नट द्या, पाइप मापून द्या. चुडीवाला माल कुणी मागितला तर सोमवारी या म्हणायचं. चुकीची चुडी दिली की गिऱ्हाईक परत येत न्हाई, त्याचं फुटलेलं इंजिन येतं."

अर्शीला हे लागलं होतं. अब्बाच्या शेजारी बसून तिनं कितीतरी संध्याकाळी चुड्या ओळखायचा खेळ खेळला होता. जाडी मोजायचं व्हर्नियर धरायला तिला येत होतं. आट्यांचं माप घ्यायची पात्यांची जुडी तिच्या हाताखालची होती. प्रत्येक पात्याला वेगवेगळे दात, म्हणून अर्शी तिला कंगवा म्हणायची. आणि आता खरोखर गिऱ्हाईक येत होतं, तर तिनं वायसर विकायचे.

"सोमवार काय दूर हाय का, बेटा?" बानो म्हणाली.

"दादी, सोमवारी अब्बाच देतील. मग मी काय केलं?"

बानो खोक्यातले वायसर मोजत राहिली. तिनं पाच मुलं वाढवली होती आणि गल्लीतल्या पन्नास मुलींना बांगड्या भरायला शिकवलं होतं. काही प्रश्न मुलांकडेच थोडे दिवस राहू द्यावेत, हे तिला माहीत होतं.

त्याच दुपारी वर्षाराणी आली.

वर्षाराणी कंधारच्या अलीकडल्या एका गावची, तिशीची बाई. स्वतःची जुनी सात सीटांची गाडी चालवायची. गावातल्या मुलींना शाळेत पोचवायची, म्हाताऱ्यांना नांदेडच्या दवाखान्यात आणायची. दुकानाची पायरी चढताना तिनं ओढणीच्या टोकात बांधलेली एक वस्तू सोडली आणि काउंटरवर ठेवली. सुपारीहून थोडं मोठं, तेलानं काळं झालेलं बटण होतं. इंजिनात तेलाचा दाब कमी झाला की गाडीत लाल दिवा लागतो, तो लावणारं हे बटण. इंजिनात जाणाऱ्या त्याच्या मानेला आटे होते.

"हेच्याजवळून तेल गळून राहिलंय," ती म्हणाली. "लोह्याच्या पुढं लाल दिवा लागला. व्यंकटी मिस्त्रीनं काढून दिलं. म्हणला, अजहरभाईकडून असंच नवं आण. एक सुताची चुडी सांग म्हणला."

अर्शीनं बटणाकडं पाहिलं, मग दादीकडं. "चुडीचा माल सोमवारी मिळेल, ताई. अब्बांचं ऑपरेशन झालंय."

वर्षाराणी तिथल्या स्टुलावर बसली. "सोमवारी काय करू गं मी? उद्या लातूरला पळायच्या स्पर्धा हायत. विभागाच्या. आमच्या शाळेच्या रिलेच्या पोरी हायत, चार पळणाऱ्या आन एक जादा. सर म्हणले एसटीनं न्या. पहिली एसटी पकडली तरी तिथली हजेरी होऊन जाती. मग मीच म्हणलं पोरींच्या आईबापाला, माझ्या गाडीत नेते, माझा जिम्मा. नाहीतर ते पाठवतच नव्हते."

"दुसरी गाडी न्हाई का गावात?" बानोनं विचारलं.

"हाय की, खाला. पण दुसऱ्या गाडीला ड्रायव्हर गडी हाय. आईबाप म्हणतात, वर्षाराणी नेणार असंल तर पोर जाईल."

बानोनं मान हलवली. मग तिनं व्हर्नियर अर्शीच्या पुढं सरकवलं.

"अब्बा रागावतील," अर्शी हळूच म्हणाली.

"त्याला मी सांगते. तू माप घे. माप घ्यायला कुणाची मनाई न्हाई."

अर्शीनं बटणाची मान चिंधीनं पुसली आणि व्हर्नियरच्या जबड्यात धरली. पुन्हा धरली. तिच्या कपाळावर आठी आली. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. म्हणजे एक सुताची वस्तू उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडीशीच जाड असायला हवी. ही मान तर करंगळीएवढी होती.

"हे एक सूत न्हाई," ती म्हणाली. "हे तीन सुताच्याही वर जातंय. मिस्त्रीकाकांनी चुकीचं सांगितलं."

वर्षाराणीनं लगेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडून हातोड्याच्या आवाजात व्यंकटी म्हणाला, "कोन बोलून राहिलं? अजहरभाईची पोर? पोरी, एक सूत म्हणजे एक सूतच. मी काय आज गाडी बघितली का? तीन सुताचं आणलं तर तुझ्याच दुकानात येऊन तुझ्याच डोक्यावर बसवीन."

"काका, माझ्या हातात व्हर्नियर आहे."

"आन माझ्या हातात वीस वर्षं हायत," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

अर्शीचे कान लाल झाले. तिनं तिसऱ्यांदा माप घेतलं. तेच आलं. वर्षाराणी एकदा तिच्याकडं आणि एकदा बटणाकडं बघत होती. कोणावर विश्वास ठेवावा ते तिला कळेना.

बानोनं आपल्या हातातली एक बांगडी उतरवली आणि काउंटरवर ठेवली. "बेटा, ही किती मापाची?"

"दोन-चारची."

"म्हणजे?"

"सव्वादोन इंच. चार म्हणजे इंचाचे चार सोळावे भाग. दादी, हे मला लहानपणापासून येतं."

"मग मोज."

अर्शीनं व्हर्नियर उघडलं, बांगडीवर बाहेरून लावलं आणि थांबली. माप अडीच इंचांच्या जवळ गेलं होतं. जाड लाखेची बांगडी होती ती.

"मी खोटं सांगून विकते का काय लोकांना?" बानोनं विचारलं.

"नाही," अर्शी हळूहळू म्हणाली. "बांगडीचं माप आतून असतं. हात आत जातो म्हणून."

"हं. आन ह्या नळ्यांच्या आत काय जातं?"

अर्शी खणांच्या रांगेकडं वळली. मग तिनं खालचा एक खण ओढला, ज्यावर अब्बाच्या अक्षरात 'पाइप, १ सूत' लिहिलं होतं. त्यातलं एक तोंड उचलून तिनं बाहेरून मोजलं. तीन सुताच्या थोडं वर. वर्षाराणीच्या बटणाएवढंच, म्हणजे बटणाला पाइपचीच चुडी होती.

बोल्टचं नाव बाहेरच्या जाडीवरून पडतं, कारण बोल्ट भोकात जातो. पाइपचं नाव आतल्या भोकावरून पडतं, कारण त्याच्या आतून पाणी किंवा तेल जातं. पूर्वी एक सुताच्या पाइपचं भोक खरंच साधारण एक सुताचं असे. पुढं पाइपाची भिंत पातळ करता आली, भोक मोठं झालं. पण बाहेरचे आटे जुन्यांना जुळायला हवेत म्हणून बाहेरची जाडी आणि नाव तसंच ठेवलं. म्हणून व्यंकटीचं एक सूतही खरं होतं आणि अर्शीचं तीन सुताच्या वरचं मापही खरं होतं. दोघं एकाच बांगडीला दोन बाजूंनी धरून बसले होते.

अर्शीला आता जोर आला. तिनं कंगवा काढला. मिलीमीटरचं एक पातं बटणाच्या आट्यांवर ठेवलं, तर पहिले दोन-तीन दात बसल्यासारखे वाटले, पुढचे मात्र आट्यांवर चढून बसले. तिनं बटण उजेडाकडं धरून वर्षाराणीला दाखवलं. "बघा ताई, इथून उजेड दिसतो. शेवटच्या दातापर्यंत बसलं तरच ते माप खरं." मग तिनं इंचाचं पातं घेतलं, एका इंचात अठ्ठावीस आटेवालं. ते टोकापासून बुडापर्यंत असं बसलं की मधून केसभरही उजेड आला नाही. शेवटी तिनं मानेची जाडी टोकाशी मोजली आणि बुडाशी मोजली. टोकाशी कमी, बुडाशी जास्त.

"गाजरासारखी आहे," ती म्हणाली. "निमुळती चुडी. पिळत जाल तशी आपोआप घट्ट होत जाते."

तिनं खोक्यातून तसंच नवं बटण काढलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. जुळी भावंडं. वर्षाराणीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि पर्सची चेन उघडली.

अर्शी बटण कागदात गुंडाळत होती. एवढं अचूक काम आपण केलं याचा आनंद तिच्या बोटांतसुद्धा दिसत होता. बानोनं ते ओळखलं, आणि म्हणूनच तिला पुढचं बोलणं जड गेलं. तिनं जुनं बटण उचललं होतं आणि चष्मा कपाळावर सरकवून ती ते डोळ्यांजवळ फिरवून बघत होती.

"अर्शी, हे फक्त टोकालाच चकाकतंय. का गं?"

"घासलं गेलं असेल, दादी."

"मग बुडापर्यंत का न्हाई घासलं?"

अर्शीनं बटण हातात घेतलं. टोकाचे दोनच आटे घासून चमकत होते. त्यांच्या वरचे आटे कारखान्यातून आले तसे काळेच होते, आणि अगदी बुडाशी, गळती थांबवायला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपचा पातळ पापुद्रा होता तसाच होता. टोकाच्या खाचेत चांदीसारखा एक बारीक कीस अडकला होता.

"बांगडी चढलीच न्हाई," बानो म्हणाली. "बोटांच्या गाठीतच अडकून बसलेली. आपण अशी काढतो ना साबण लावून, तेव्हा हातावर वळ उठतो, तसा हा वळ हाय."

"पण नमुना तर हाच आहे ना. मी नमुन्याप्रमाणे बरोबर दिलं."

"तू बरोबरच दिलंस. पन नमुनाच दुसऱ्याच्या हातातला असंल तर?"

वर्षाराणीला यातलं अर्धं कळलं आणि जे कळलं ते आवडलं नाही. "खाला, गाडी मी दिवाळीच्या आधी जुनी घेतली. तवापासून हेच बटण हाय. थोडं थोडं गळायचं, पन चालत होती. तेवढं नवं द्या, मी जाते. पोरी वाट बघून राहिल्या असतील."

बानोनं आपली बांगडी पुन्हा हातात चढवली. "माझ्या दुकानात एखादी म्हणती, माझ्या बहिणीला पाहिजे, हा घ्या तिचा जुना बिल्वर, ह्याच मापाच्या द्या. मी देत न्हाई. हात घेऊन ये म्हणते. बहीण बाळंत झालेली असती, हात सुजलेले असतात, न्हाईतर तो बिल्वरच तिच्या सासूचा असतो. हात पाहिल्याबिगर बांगडी न्हाई." मग ती अर्शीकडं वळली. "शटर अर्धं ओढ. शेजारच्या बॅटरीवाल्याला सांग लक्ष ठेव म्हणून. आन नवं बटण संगती घे. जवळजवळ तेवढ्याच जाडीचं दुसरं काय काय हाय, सगळं घे."

अर्शीनं पिशवीत तीन बटणं टाकली. एक पाइपच्या एक सुताच्या चुडीचं, एक बोल्टाच्या तीन सुताच्या चुडीचं, आणि एक दहा मिलीच्या बारीक चुडीचं. लांबून बघितलं तर तिन्ही सारखी. ज्याला चुड्या कळत नाहीत तो म्हणेल एकाच आईची. निघताना तिनं तांब्याचे वायसरही मूठभर घेतले. वायसर द्यायची तर तिला परवानगी होतीच.

व्यंकटीचं गॅरेज त्याच रस्त्याला, पुढच्या चौकात. व्यंकटी देगलूरकडचा, जाड मिशांचा माणूस. गाडीचं तोंड उघडून उभा होता. बानो येताना दिसली तसा हसला. "या अम्मा, या. इंजिनाला बांगड्या भरायला आलात का?"

"हाव. हात दाखव तिचा."

व्यंकटी हसत बाजूला झाला. अर्शीनं मोबाइलचा उजेड पाडला आणि वाकून बघितलं. तेलाचा फिल्टर जिथं बसतो ती ॲल्युमिनियमची बैठक होती आणि तिच्या कडेला बटणाचं भोक. अर्शीनं भोकाच्या आत बघण्याआधी तोंडाकडं बघितलं. भोकाभोवती एक रुपयाएवढी गोल जागा सपाट, गुळगुळीत करून घेतलेली होती, आणि त्या सपाट जागेवर एका कड्याचा पुसट ठसा होता.

ती सरळ उभी राहिली.

"काका, ही जागा वायसरसाठी घासून केली आहे. निमुळत्या चुडीला वायसर लागतच नाही, ती आट्यांतच घट्ट होते. हे भोक सरळ चुडीचं आहे. ते जुनं बटण इथलं नव्हतंच. कुणीतरी दाबून बसवलं होतं."

व्यंकटीनं मिशीवरून हात फिरवला. "पोरी, तुझ्या अब्बाला मी दुकान टाकायच्या आधीपासून ओळखतो. नमुना काढला इथून, नमुना जुळला, बसवायचं. चांगली दोन फेर टेप मारतो, पाना लावून आवळतो, एक थेंब गळनार न्हाई. बाईला गावाला जायचंय."

"आवळलं आणि बैठक फुटली तर?"

"फुटती का कुठं."

"फुटली तर ही बैठक नांदेडमध्ये मिळेल का?"

व्यंकटीनं बैठकीकडं बघितलं. प्रश्न खोडसाळ नव्हता, खरा होता, आणि त्याचं उत्तर त्याला माहीत होतं. ह्या गाडीचा तो भाग पुण्याहून मागवायला लागला असता. वर्षाराणीनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिचा हात आपोआप बॉनेटच्या कडेवर गेला, जणू गाडीच धरून ठेवायची होती.

"असं करू," अर्शी म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण थांबला नाही. "पाना नको. नुसत्या बोटांनी. बोटांनी जेवढं जाईल तेवढं बघू."

"कर," व्यंकटी म्हणाला आणि पाना खांद्यावर टाकून उभा राहिला.

अर्शीनं एक सुताचं नवं बटण भोकात धरलं आणि फिरवलं. एक फेरा, दुसरा फेरा, आणि ते अडलं. निमुळती चुडी निदान निम्मी तरी आत जायला हवी होती. तिनं हात बाजूला केला, व्यंकटीनं स्वतःच्या बोटांनी करून बघितलं. अडलंच.

बहुतेक गाड्यांना हीच सरळ चुडी असते म्हणून मग अर्शीनं दहा मिलीचं काढलं, तांब्याचा वायसर घालून भोकात धरलं. ते तर सुरूच होईना. अर्धा फेरा जाऊन तिरकं व्हायला लागलं. तिनं काढलं, पुन्हा सरळ धरलं, पुन्हा तेच. वर्षाराणीनं तोंड फिरवून रस्त्याकडं बघितलं. उन्हं उतरायला लागली होती.

"आता?" व्यंकटी म्हणाला. त्यात टोमणा होता, पण पहिल्याएवढा नाही.

अर्शीच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. तिनं दादीकडं बघितलं. बानोला इंजिनातलं काही कळत नव्हतं आणि कळत असल्याचा आवही तिनं आणला नाही. ती एवढंच म्हणाली, "घाई नको. आधी काय झालं ते बघ. तू जे आधी बघितलं ते खोटं होतं का?"

नव्हतं. वायसरचा ठसा खरा होता. अर्शीनं पुन्हा उजेड पाडला, डोळा अगदी भोकाजवळ नेला आणि ह्या वेळी आत बघितलं. तोंडाजवळचे दोन आटे चेचून गेले होते. त्यांच्यामागचे आटे मात्र नव्यासारखे, एकामागं एक, सरळ रांगेत.

"काका, पुढचे दोनच मेलेत. मागचे जिवंत आहेत. निमुळत्या बटणानं पुढचे चेचले, मागं ते गेलंच नव्हतं."

व्यंकटीनं तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि स्वतः वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. सरळ झाला तेव्हा त्यानं पाना बाकावर ठेवून दिला होता.

"जिवंत हायत," तो म्हणाला. "बरोबर हाय पोरीचं. सरक जरा."

आता काम त्याचं होतं, आणि ते त्याला फार सुंदर येत होतं. कपाटाच्या वरच्या खणातून त्यानं फडक्यात गुंडाळलेला टॅप काढला, आटे पाडायची ती पोलादी खिळी, दहा मिली बारीक. अर्शीला त्यानं टॅप दाखवला. तिनं एक मिलीच्या आट्यांचं पातं त्यावर लावून बघितलं, शेवटच्या दातापर्यंत बसलं. "बरोबर," ती म्हणाली. मघाशी चिडलेला माणूस आता तिच्या होकारासाठी थांबला होता, हे तिच्या लक्षात आलं नाही, बानोच्या आलं.

व्यंकटीनं टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं. "कीस आत पडला तर तेलात जाईल, म्हनून," त्यानं अर्शीला सांगितलं. मग त्यानं टॅप भोकाशी सरळ धरला आणि हातानं फिरवू लागला. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. चेचलेल्या जागी टॅप कुरकुरला. व्यंकटीनं जोर केला नाही, नुसता मागं घेऊन पुन्हा पुढं नेला. एका क्षणी कुरकुर थांबली आणि टॅप लोण्यात गेल्यासारखा आत सरकला. मागच्या जिवंत आट्यांनी त्याला धरलं होतं.

व्यंकटीनं टॅप काढला, भोक फडक्यानं स्वच्छ पुसलं, आणि दहा मिलीचं बटण अर्शीच्या तळहातावर ठेवलं. "तूच बसव."

अर्शीनं दोन बोटांनी बटण फिरवलं. ते फिरत गेलं, फिरत गेलं, बोटांना काही लागलंच नाही, आणि तांब्याचा वायसर त्या सपाट जागेवर जाऊन टेकला तेव्हा थांबलं. व्यंकटीनं पाना दिला. "आता थोडंच. वायसर दबला की बस्स." तिनं थोडंच आवळलं.

वायर लावली, तेल भरलं. वर्षाराणी गाडीत बसली आणि चावी फिरवली. लाल दिवा लागला, इंजिन धडधडलं, आणि दिवा विझला. तिनं इंजिन चालू ठेवलं. अर्शी फडकं घेऊन वाकली, बटणाभोवती पुसलं आणि फडकं उजेडात धरलं. कोरडं. थोडं थांबून पुन्हा पुसलं. कोरडंच.

वर्षाराणी खाली उतरली आणि अर्शीच्या पाठीवर हात ठेवला. बोलायला तिला काही सुचलं नसावं, कारण ती म्हणाली, "चहा घेणार का गं?"

"तुम्ही निघा ताई. पोरी वाट बघत असतील."

व्यंकटी हात पुसत बानोजवळ आला. "अम्मा, वीस वर्षं मी नमुन्यावर काम करून राहिलो. कोनी म्हनलं न्हाई की नमुना खोटा असंल. कोनाची शिकवण हो ही?"

"चुडी ओळखायची तिच्या अब्बाची," बानो म्हणाली. "हात बघायची माझी. आन मेलेल्यात जिवंत बघायची तिची तिची." बोलताना तिची मान जरा ताठ झाली होती, आणि ती तिनं तशीच राहू दिली. "मणियाराची पोर हाय ती."

दोघी परत निघाल्या. रस्ताभर अर्शी एकच बोलत होती, निमुळतं बटण सरळ भोकात का अडतं, आणि तीन सुताचं बटण तिथं का चाललं नसतं. पिशवीतून ते काढून काढून दाखवत होती. बानो सगळं ऐकत होती. काही कळत होतं, काही नव्हतं, आणि न कळलेलं ती पुन्हा विचारत होती, म्हणजे अर्शीला पुन्हा सांगायला मिळावं.

घरी अजहरला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं काळा चष्मा काढला नाही, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते नीट कळलं नाही. "मी सोमवारी म्हणलं होतं," तो म्हणाला.

"माझ्यावर रागव," बानो म्हणाली. "मी माप घ्यायला लावलं."

"रागवत न्हाई, अम्मी." तो म्हणाला. "मी असतो तर नमुना बघून एक सुताचं दिलं असतं. गाडी बघायला गेलो नसतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी अजहर हट्टानं दुकानात येऊन बसला, नुसतं बसायचं या अटीवर. लातूरहून वर्षाराणीचा फोन आला. मागं मुलींचा गलका चालला होता.

"ताई, बटणापाशी तेल?" अर्शीनं पहिल्यांदा तेच विचारलं.

"अगं बाई, आधी पोरींचं तर विचार. दुसऱ्या आल्या आमच्या पोरी. शेवटच्या पोरीनं दोघींना मागं टाकलं. आन तुझं बटण कोरडं हाय, अहमदपूरला थांबून बघितलं, इथं येऊनबी बघितलं. फडकं घेऊनच फिरून राहिले मी."

अर्शी फोन ठेवून बसली तोच एक ट्रॅक्टरवाला आत आला. त्यानं खिशातून नळीचं एक तुटकं तोंड काढलं आणि सवयीनं अजहरच्या हातात द्यायला गेला. "असंच एक द्या, भाई. तीन सुताचं असंल बघा."

अजहरनं हात पुढं केला नाही. मानेनंच लेकीकडं खूण केली.

अर्शीनं ते तोंड घेतलं, चिंधीनं पुसलं, उजेडाकडं फिरवून टोकापासून बुडापर्यंत बघितलं. मग तिनं विचारलं, "ट्रॅक्टर कुठं उभा आहे, काका?"